साडेतीनला उठणारा सम्राट

प्रश्न थोडक्यात असा आहे: "व्हिएन्नाला शोनब्रुनचा राजवाडा पाहिला. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा लोखंडी पलंग दाखवून गाईड म्हणाला, हा सम्राट फार साधा आणि कामसू होता. मग याच माणसाने १९१४चं पहिलं महायुद्ध कसं पेटवलं? आणि बायकोशी, सिसीशी, त्याचं पटत नव्हतं, एक नटी ठेवली होती, हे खरं का?"

पलंग खरा, कामसूपणा खरा, लढाईच्या कागदावरची सही खरी. नटीही खरी, फक्त "ठेवली होती" हे शब्द तुम्ही चुकीच्या बाईला लावले आहेत. त्याकडे पुढे येतो.

मी तीस वर्षं बी.ए.च्या वर्गाला आधुनिक युरोप शिकवला. आपल्या अभ्यासक्रमात हा माणूस तुकड्यातुकड्यांनी येतो. इटलीच्या एकीकरणात १८५९ला हरतो, जर्मनीच्या एकीकरणात १८६६ला हरतो, मग पुतण्याचा खून झाल्यावर १९१४ला एकदम उगवतो. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत त्याचे 'फ्रान्झ योझेफ पहिला, दुसरा आणि तिसरा' असे तीन राजे करून टाकले होते. मार्क कापले, पण हसूही आलं. इतकी वर्षं एकच माणूस गादीवर असेल असं त्या पोराला वाटलंच नाही.

आपल्या हिशेबाने मोजून पाहा. १८४८ साली सातारचे अप्पासाहेब महाराज वारले आणि डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आणि त्याच वर्षाच्या २ डिसेंबरला अठरा वर्षांचा फ्रान्झ योझेफ ऑस्ट्रियाचा सम्राट झाला. तो वारला २१ नोव्हेंबर १९१६ला. तोवर टिळकांची होमरूल लीग निघून काही महिने झाले होते आणि लखनौ करार महिन्यावर आला होता. अकरा दिवस कमी ६८ वर्षं!

गादी मिळाली तीही गडबडीत. व्हिएन्नात क्रांती झालेली, दरबार पळून मोराव्हियातल्या (आजच्या चेक देशातल्या) ओल्मुट्झ गावी आर्चबिशपच्या वाड्यात येऊन राहिलेला. काका फर्डिनांड अपस्माराने आजारी, त्याने गादी सोडली. मधे वडिलांचा हक्क होता, पण आई सोफीने त्यांना बाजूला व्हायला लावलं. ही बाई बव्हेरियाची राजकन्या, जिद्दीची. मुलगा राजा होणार हे धरूनच तिने त्याला वाढवलं होतं. बाराव्या वर्षी या पोराचा अभ्यास आठवड्याला पन्नास तासांच्या घरात गेला होता. तेराव्या वाढदिवसाला तो एका घोडदळ रेजिमेंटचा कर्नल झाला, आणि तेव्हा अंगात चढलेला लष्करी गणवेश मरेपर्यंत जवळपास रोजचाच राहिला. तोवर त्याला नुसतं फ्रान्झ म्हणत; गादीवर बसताना 'योझेफ' मुद्दाम पुढे आणलं, लोकांना घराण्यातला सुधारक सम्राट योझेफ दुसरा आठवावा म्हणून.

सुधारणा मात्र दिसल्या नाहीत, आधी दिसलं रक्त. हंगेरी उठली होती. ती एकट्याने दबेना म्हणून त्याने रशियाच्या झारला हाक मारली, आणि बंड मोडल्यावर ६ ऑक्टोबर १८४९ रोजी आराद इथे तेरा सेनानींना ठार मारलं. त्याच दिवशी पेस्टमध्ये, म्हणजे आजच्या बुडापेस्टात, हंगेरीचा माजी पंतप्रधान बाथ्यानी यालाही गोळ्या घातल्या. १८५१च्या ३१ डिसेंबरला राज्यघटनाही गुंडाळली. शोनब्रुनला भिंतीवर पांढऱ्या मिशांचा जो आजोबा दिसतो त्याच्या आधी हा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, हे पर्यटकाला कुणी सांगत नाही. १८५३च्या फेब्रुवारीत लिबेन्यी नावाच्या हंगेरियन शिंपी कारागिराने तटावर फिरताना त्याच्या मानेत सुरा मारला. गणवेशाच्या जाड कॉलरमुळे तो वाचला. व्हिएन्नातलं दोन उंच मनोऱ्यांचं फोटिव्ह चर्च पाहिलंत ना? ते या वाचण्याचा नवस फेडायला बांधलेलं आहे.

आता त्या पलंगाकडे. तो लोखंडी, लष्करी पद्धतीचा पलंग हे नाटक नव्हतं. हा माणूस पहाटे साडेतीन-चारला उठायचा. गार पाण्याने अंग धुतलं जायचं, आणि ते काम करणारा नोकर म्हणे वेळेवर उठता यावं म्हणून रात्रभर जागाच राहायचा, जागण्यासाठी प्यायचा, आणि पहाटे झोकांड्या खात बादली घेऊन यायचा. मग प्रार्थना, थोडा नाश्ता, आणि पाचच्या सुमारास टेबलावर. दुपारचं जेवणही पुष्कळदा त्या टेबलावरच, बहुधा उकडलेलं गोमांस. रात्री नऊच्या आसपास झोप. उन्हाळ्यात बाड इशलच्या बंगल्यावर गेला तरी फाईली मागोमाग. तिथली करमणूक म्हणजे शिकार. आयुष्यभरात मारलेल्या जनावरांचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास सांगतात, आणि त्यांचीही व्यवस्थित नोंद आहे. नोंद असणारच.

सोमवारी आणि गुरुवारी आम दरबार. कुणीही प्रजाजन अर्ज करून येऊ शकत असे: पदक मिळालं म्हणून आभार मानायला, पेन्शनसाठी, पोराची शिक्षा माफ करा म्हणायला. एका सकाळी शंभरापर्यंत माणसं. सम्राट उंच टेबलापाशी उभा, समोर यादी, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं; मानेने होकार दिला की भेट संपली, आणि माणसाने पाठ न दाखवता मागे मागे दारापर्यंत जायचं. हे त्याने दशकानुदशकं केलं. नावं लक्षात ठेवायचा, चुकीची बटणं लावलेला अधिकारी लांबून ओळखायचा.

मेजवान्यांबद्दलचा किस्सा प्रसिद्ध आहे. वाढायला सुरुवात सम्राटापासून, आणि त्याने काटा खाली ठेवला की सगळ्यांच्या ताटल्या उचलायच्या. तो भराभर जेवायचा. टेबलाच्या टोकाच्या पाहुण्यांपर्यंत वाढप पोचेतो ताटली गेलेली असायची, आणि ही उपाशी मंडळी मग झाखर हॉटेलात जाऊन जेवायची. अशा किश्शांना तिखटमीठ लागतंच, पण त्यातला स्वभाव खरा आहे. नियम म्हणजे नियम, तो पाळताना समोरचा उपाशी राहतोय हे दिसायचंच नाही.

म्हणून "साधा" या शब्दाबद्दल मी जपून बोलतो. स्वतःच्या अंगापुरता तो साधा होता. पण तो पलंग ज्या वाड्यात आहे तिथे चौदाशेच्या वर खोल्या आहेत, आणि दरबारी शिष्टाचारात तो एक पायरीसुद्धा ढिली करत नसे. पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी बारा गरीब म्हाताऱ्यांचे पाय धुवायचा तोही नियमच. टेलिफोन, टंकयंत्र, लिफ्ट यांचं त्याला वावडं होतं. आणि गंमत पाहा, चुंबकीय तारेवर ध्वनिमुद्रण झालेला जगातला सर्वांत जुना टिकलेला आवाज त्याचाच आहे, १९००च्या पॅरिस प्रदर्शनातला. मोटारीत तो बसला १९०८ला, इंग्लंडच्या सातव्या एडवर्डने इशलला गळ घातली म्हणून.

हा माणूस हाडाचा कारकून होता. 'कारकून' हे मी हिणवून म्हणत नाही. माझे वडील कलेक्टर कचेरीत होते, चांगला कारकून कचेरी सांभाळतो हे मी पाहिलंय. पण टेबलावर येईल तो कागद वाचायचा, शेरा मारायचा, पुढचा घ्यायचा, ही राज्य करण्याची एक रीत झाली. तिच्यात न आलेल्या कागदाचा विचार होत नाही. प्रत्येक मंत्र्याने आपल्या खात्यापुरतं बोलावं, दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसू नये, अशी त्याची अपेक्षा असे. सगळ्या फाईली एकत्र करून पाहणारा फक्त एकच माणूस, तो स्वतः, आणि त्याची नजर एका वेळी एकाच फाईलवर.

याची किंमत रणांगणावर दिसली. क्रिमियन युद्धात त्याने रशियाला दगा दिला, म्हणजे १८४९ला ज्याने गादी वाचवली त्यालाच. त्यामुळे १८५९ला फ्रान्स आणि इटलीतलं पीडमाँटचं राज्य चालून आले तेव्हा मदतीला कुणी नव्हतं. सोल्फेरिनोला, २४ जून रोजी, त्याने सेनापतिपद स्वतःकडे घेतलं आणि लढाई हरला. इटलीतला लोम्बार्डी प्रांत गेला. तिथल्या जखमींचे हाल पाहून ऑन्री द्युनाँ नावाच्या स्विस व्यापाऱ्याने जी खटपट केली तिच्यातून रेड क्रॉस उभी राहिली. त्या दिवसाचं तेवढंच चांगलं फळ. यानंतर त्याने रणांगणावर सैन्याची सूत्रं पुन्हा हातात घेतली नाहीत. सात वर्षांनी, ३ जुलै १८६६ला, क्योनिगग्रेट्झला प्रशियाने त्याच्या सैन्याला चेचलं, आणि जर्मनीतून ऑस्ट्रिया कायमची बाहेर पडली.

आता त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण पुढचं वर्ष, १८६७, मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात थोर वाटतं. हंगेरीशी त्याने समेट केला. एक सम्राट, दोन संसदा, सैन्य आणि परराष्ट्र खातं सामाईक, खर्चाची वाटणी दर दहा वर्षांनी नव्याने घासाघीस करून. या हंगेरीचा पहिला पंतप्रधान झाला काउंट आन्द्राशी. १८४९च्या बंडानंतर याच आन्द्राशीला फाशी ठोठावली होती आणि तो परागंदा असल्यामुळे त्याच्या नावाला फाशी दिली होती! ज्याला लटकवायचं होतं त्याच्यासमोर ८ जून १८६७ला बुडा शहरात हंगेरीचा मुकुट डोक्यावर चढवून घेतला, आणि चार वर्षांनी त्यालाच सगळ्या साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री केलं. इतका मोठा घोट गिळणारे राजे कमी. ज्यू प्रजेला समान नागरी हक्क मिळाले तेही त्याच वर्षीच्या घटनेने. पुढे ज्यूद्वेषावर मतं मागणारा लुएगर व्हिएन्नाचा महापौर म्हणून निवडून आला, तेव्हा सम्राटाने मान्यता द्यायला पुन्हा पुन्हा नकार दिला. १८९७मध्ये अखेर द्यावी लागली.

पण हंगेरियनांना दिलं ते चेकांना दिलं नाही. १८७१ला प्रागमध्ये बोहेमियाचा, म्हणजे चेकांच्या मुलखाचा, मुकुट घालून घेण्याचं लेखी वचन दिलं, आणि जर्मन-हंगेरियन मंडळी बिथरल्यावर ते मागे घेतलं. १८९७ला पंतप्रधान बाडेनीने बोहेमियातल्या सरकारी नोकरांना चेक आणि जर्मन दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत असा हुकूम काढला. जर्मन लोक रस्त्यावर उतरले, संसदेत हाणामारी झाली, आणि नोव्हेंबरमध्ये बाडेनीला घरी पाठवलं. १९१०च्या मोजणीत या साम्राज्यात पाच कोटींवर माणसं होती आणि जर्मन बोलणारे चौथा हिस्साही नव्हते. आपल्या नोटांवर असतात तशा तिथल्या नोटांवरही वेगवेगळ्या भाषांत रकमा छापलेल्या असत. सैन्यात जर्मनमधले ऐंशीएक हुकूम सगळ्यांना पाठ करावे लागत, बाकी अधिकाऱ्यानेच रेजिमेंटची भाषा शिकायची. व्यवस्था म्हणून मला हे आवडतं. पण ती जोडून ठेवणारा खिळा म्हणजे एक माणूस, आणि त्याचं वय दरवर्षी वाढत होतं.

आता घर.

१८५३च्या ऑगस्टमध्ये बाड इशलला ठरवून मुलगी पाहायचा कार्यक्रम होता. मुलगी होती हेलेने, सोफीच्या बहिणीची थोरली. सम्राटाने पसंत केली तिची पंधरा वर्षांची धाकटी बहीण एलिझाबेथ, म्हणजे तुमची सिसी. म्हणजे बायको सख्खी मावसबहीण आणि सासू सख्खी मावशी. आपल्याकडे मामेबहीण चालते, मावसबहीण म्हटलं की लोक कानावर हात ठेवतात. तिकडे पोपची परवानगी घेतली की झालं. २४ एप्रिल १८५४ला लग्न झालं. माझ्या माहितीत त्याने मनाच्या लहरीवर घेतलेला आयुष्यातला हा एकमेव मोठा निर्णय.

सिनेमांनी सोफीला खाष्ट सासू करून ठेवलंय. पहिल्या मुलींचं संगोपन तिने सुनेच्या हातून काढून घेतलं हे खरं आहे. पण नवरा काय करत होता हे कुणी विचारत नाही. तो टेबलावर होता. १८५७ला हंगेरीच्या दौऱ्यावर थोरली मुलगी, दोन वर्षांची, बुडा शहरात वारली. तिला बरोबर न्यायचा हट्ट एलिझाबेथचा होता, आणि ती त्यातून कधी नीट सावरली नाही. १८६०पासून ती आजारपणाच्या निमित्ताने बाहेरच राहू लागली: मादेइरा, कोर्फू, इंग्लंडमधल्या घोडेस्वारीच्या मोहिमा. नवरा पैसे पाठवायचा आणि पत्रं लिहायचा. ती पत्रं मी मूळ जर्मनमध्ये वाचली आहेत. त्यासाठीच तर पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलो. मायना तिच्या आवडत्या हंगेरियनमध्ये, 'माझ्या गोड, लाडक्या जिवा' अशा अर्थाचा, आणि खाली सही 'तुझा छोटा'. मधे सगळा मजकूर हवापाणी, कोण भेटलं, शिकार किती झाली. मायना आणि सही यांच्या मधे काय लिहायचं हे त्याला ठाऊक नव्हतं असं वाटत राहतं.

मुलाचं उदाहरण घ्या. युवराज रुडॉल्फ हळवा, बुद्धिमान पोर. बापाने त्याला कणखर करायला गोंद्रकूर नावाचा लष्करी शिक्षक नेमला. हा गृहस्थ सहा-सात वर्षांच्या मुलाला झोपेतून उठवायला पिस्तुलाचे बार काढायचा. एलिझाबेथने १८६५ला नवऱ्याला लेखी निर्वाणीचा खलिता दिला: मुलांबद्दलचे सगळे निर्णय माझे, नाहीतर मी चालले. सम्राट लगेच कबूल झाला. हा कागद मला पुन्हा पुन्हा आठवतो. एकाच वाड्यात राहणाऱ्या बायकोला आपल्या नवऱ्याशी बोलायला अर्ज करावा लागला, आणि अर्ज नियमात बसल्यावर काम झालं.

३० जानेवारी १८८९. माइयरलिंगच्या शिकारबंगल्यात रुडॉल्फने सतरा वर्षांच्या मेरी व्हेत्सेराला गोळी घातली आणि नंतर स्वतःला. बातमी आधी एलिझाबेथला कळली, आणि नवऱ्याला सांगायचं काम तिनेच केलं. रुडॉल्फने बायको, आई, बहीण यांच्यासाठी पत्रं ठेवली होती. बापासाठी एक ओळ नव्हती. सरकारने आधी झटक्याने मृत्यू असं छापलं, मग आत्महत्या कबूल केली आणि चर्चमध्ये दफन करता यावं म्हणून मनोविकाराचा दाखला जोडला. त्या मुलीचं प्रेत रात्री कपडे चढवून मामा आणि मावशीचा नवरा यांच्या मधे घोडागाडीत ताठ बसवलं आणि हायलिगनक्रॉइट्झच्या मठात नेऊन गुपचूप पुरलं. बंगल्याच्या जागी सम्राटाने जोगिणींचा मठ केला. दुःख त्याला झालं नसेल असं मी म्हणणार नाही, पण त्याने ते हाताळलं फाईल बंद करतात तसं.

आता त्या बायका. १८७५ला शोनब्रुनच्या बागेत पहाटे फिरताना त्याची आना नाहोव्स्की नावाच्या तरुण विवाहितेशी ओळख झाली. हा संबंध चौदा वर्षं चालला आणि तो लपवाछपवीचा, शरीराचाच होता. माइयरलिंगनंतर काही आठवड्यांतच तो संपला. कसा? तिला बोलावून दोन लाख गुल्डन (तिथलं तेव्हाचं नाणं) दिले आणि तिच्याकडून पैसे पोचल्याची आणि कायम गप्प राहण्याची लेखी कबुली घेतली. पावती! तुमच्या प्रश्नातला तो शब्द या बाईला लागू पडतो.

काटारीना श्राट ही गोष्ट वेगळी. ती व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या नाटकगृहाची नटी, सम्राटापेक्षा तेवीस वर्षांनी लहान, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. ही मैत्री घडवून आणली स्वतः एलिझाबेथने. १८८६ला तिने चित्रकार आंगेली याच्याकडून श्राटचं चित्र काढवून नवऱ्याला भेट दिलं. आपण सतत बाहेर, याला कुणीतरी बोलायला हवं, हा तिचा हिशेब. पुढे श्राट शोनब्रुनला लागूनच राहायला आली. सम्राट सकाळी तिच्याकडे जायचा, कॉफी आणि गुगलहुप्फ केक खायचा, थिएटरातल्या भानगडी ऐकायचा. तिचं जुगाराचं कर्जही फेडायचा. १८८८ला तिने मनातलं मोकळेपणी लिहिलं, तेव्हा त्याने उलट लिहिलं की तू मला फार प्रिय आहेस, पण बायकोवर माझं प्रेम आहे आणि तिच्या विश्वासाचा मला गैरफायदा घ्यायचा नाही. पुष्कळ अभ्यासकांप्रमाणे मलाही हे शब्दशः खरं वाटतं. त्याला हवी होती ती गप्पा मारणारी, हुकूम न मागणारी, वाकून न उभी राहणारी एक व्यक्ती. पन्नाशी उलटल्यावर मिळाली.

१८९८ हे राज्यारोहणाचं पन्नासावं वर्ष. समारंभांची तयारी चालू होती, आणि १० सप्टेंबरला जिनिव्हात सरोवराकाठी लुकेनी नावाच्या इटालियन अराजकवाद्याने एलिझाबेथच्या छातीत टोकदार कानस खुपसली. 'या जगात माझ्या वाट्याचं काहीच चुकत नाही' हे उद्गार त्या दिवसाचे म्हणून सांगतात. महिनाभरानंतर राजधानीवर दुसरी आफत आली, आणि तिचा धागा थेट मुंबईशी आहे. ज्या प्लेगच्या बंदोबस्तावरून पुण्यात रँडचा खून झाला, त्याच प्लेगचा अभ्यास करायला व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने १८९७ला मुंबईत डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. त्यांनी नेलेल्या जंतूंवर प्रयोग चालू असताना ऑक्टोबर १८९८ला व्हिएन्नातल्या प्रयोगशाळेचा नोकर दगावला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर, जे स्वतः मुंबईला येऊन गेले होते, आणि एक परिचारिका, तेही गेले. तीन मृत्यूंवर साथ थांबली, पण शहर काही दिवस हादरून गेलं होतं.

एवढी प्रेतं मोजल्यावर प्रजेला तो राजा राहिलाच नाही, घरातला दुःखी म्हातारा झाला. भाऊ माक्सिमिलियन तर आधीच, १८६७ला, मेक्सिकोत गोळ्या घालून मारला गेला होता. प्रत्येक कचेरीत, खाणावळीत, शाळेत त्याची तसबीर होती. साम्राज्याचे तुकडे एकत्र ठेवणाऱ्या खिळ्याबद्दल वर म्हणालो, तो खिळा म्हणजे ही तसबीर. आणि म्हणूनच त्याच्या हयातीत मोठा बदल करायचं धाडस कुणी करेना. तसा १९०७ला ऑस्ट्रियाच्या भागात सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि त्यामागे त्याने वजन खर्च केलं होतं हेही नोंदवलं पाहिजे.

नवा वारस पुतण्या फ्रान्झ फर्डिनांड. हा १८९३च्या जानेवारीत जगप्रवासात मुंबईला उतरला होता. त्याने खालच्या घराण्यातल्या सोफी खोटेकशी लग्न ठरवलं तेव्हा काकाने परवानगी दिली, पण २८ जून १९००ला दरबार भरवून शपथ घ्यायला लावली की हिच्या मुलांना गादीवर हक्क नाही. बरोबर चौदा वर्षांनी, २८ जूनलाच, सारायेव्होत एका सर्ब तरुणाच्या गोळ्यांनी नवराबायको दोघं मारली गेली.

लढाई कशी पेटली त्याचं उत्तर मला मोठ्या सिद्धांतांपेक्षा पुढच्या महिन्यातल्या कागदांत सापडतं. ऑस्ट्रियाची संसद मार्चपासून बंद होती, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा होत आलेला सम्राट इशलला. सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला २३ जुलैला. मग परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्टने टिपण पाठवलं की डॅन्यूब नदीवर टेमेस-कुबिन इथे सर्बियन सैनिकांनी गोळीबार केला, तेव्हा युद्ध पुकारायला सही हवी. सही मिळाली. गोळीबाराची बातमी पक्की नव्हती, म्हणून तो उल्लेख घोषणेतून गाळला, आणि सम्राटाला हे कळवलं नंतर. २८ जुलैच्या 'माझ्या प्रजाजनांना' या जाहीरनाम्यात त्याच्या नावाने वाक्य आहे: मी सगळं तपासलं आणि तोललं आहे. तपासलं होतं, पण समोर ठेवलं तेवढंच. त्याला फसवलं म्हणून मी त्याला सोडून देणार नाही. सर्बियाला धडा शिकवायचा हे त्याच्या मनात पक्कं होतं, रशिया उतरेल याची जाणीव होती, आणि बुडायचंच तर इभ्रतीने बुडू अशी त्याची भाषा होती. साठ वर्षं ज्या रीतीने राज्य केलं, त्याच रीतीने शेवटची फाईल निकाली काढली.

नोव्हेंबर १९१६. महिन्यापूर्वी पंतप्रधान श्टुर्क याला भर हॉटेलात गोळ्या घातल्या होत्या, शहरात भाकरीचे वांधे. सम्राटाला न्यूमोनिया, ताप, तरी २१ तारखेलाही तो टेबलावर होता. संध्याकाळी निजवलं तेव्हा नोकराला सांगितलं, काम पुरं झालं नाही, उद्या साडेतीनला उठवा. रात्री नऊनंतर थोड्या वेळात गेला, त्या लोखंडी पलंगावर. व्हिएन्नातल्या कापुचिन मठाच्या तळघरात बायको आणि मुलगा यांच्या मधे त्याला ठेवलंय. शोनब्रुन पाहिलंत तसं तेही पाहायला हवं होतं.

श्राटबाई त्या रात्री वाड्यात आल्या. नव्या सम्राटाने, कार्लने, स्वतः त्यांना आत नेलं आणि त्यांनी छातीवर दोन पांढरे गुलाब ठेवले असं सांगतात. त्या १९४०पर्यंत जगल्या. आठवणी लिहा म्हणून मागे लागणारे पुष्कळ होते, पैसेही देऊ केले होते. त्यांनी एक पान लिहून दिलं नाही. आना नाहोव्स्कीने मात्र त्या कबुलीवर सही करूनही आपली रोजनिशी जपून ठेवली होती. ती १९८६ला छापून आली.